भिंतीपलीकडचा धवला

मु. कातळपाडा, पो. गव्हाण, ता. पनवेल
१४ नोव्हेंबर १९९१

चि. शैलेश,

आशीर्वाद आधीच देऊन टाकतो. पुढं पत्रात राग आहे, त्यात ते राहून जायचे.

आपली लाइन बंद झाली. लाइन म्हणजे तुझी भुसावळची नव्हे, आपली. बंदरापासून डोंगराच्या खाणीपर्यंत खडीच्या गाड्यांसाठी घातलेली, आणि कंपनीनं रूळ उचलून नेल्यावर जिच्यावरून आपण सगळे आयुष्यभर पायी चाललो, ती. दिवाळीत गाव करंज्या खाण्यात गुंतलेलं असताना गवंडी आले आणि ओढ्यावरच्या दुहेरी मोरीच्या पुढं लाइनीवर आडवी भिंत उभी राहिली. मुंबईच्या कुणा शेठनं दोन्ही अंगांची शेतं विकत घेतली, त्यासोबत मधली लाइनही गिळली. आत आंबे लावणार, बंगला बांधणार आणि सुट्टीला येऊन हवा खाणार. हवा आमचीच. भिंतीवर काचा लावल्यात.

तू रेल्वेत आहेस. ही रेल्वेच आहे, रूळ नसले म्हणून काय झालं? तेव्हा साहेबाला सांगून ही भिंत काढायला लाव.

साहेब विचारेल, एवढं काय अडलंय. तर त्याला तुझ्या काकीचं सांग. तो घाटावरचा असेल तर त्याला धवलारीण म्हणजे काय ते कळायचं नाही, नीट समजाव. म्हणावं, आमच्या आगरी लोकांत भटजी लागतो तो अक्षतांपुरता. देवांना बोलावणं, मांडव, हळद, नवरीची आंघोळ आणि शेवटी पाठवणी, हे सगळं धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन पार पाडते. तिनं गायलं नाही तर ते झालंच असं बायका धरत नाहीत. आणि माझी बायको ठमाबाई ही इथून खाणीपर्यंतच्या सगळ्या पाड्यांची धवलारीण आहे. ती लाइनीवरून पायी जाते. आता तुळशीचं लग्न झालं की माणसांची सुरू होतील. एस.टी.नं जायचं तर आधी उलटं पनवेलला, तिथून दुसरी गाडी. आणि एस.टी. तिला लागते.

लवकर कर.

तुझा काका,
काशिराम


भुसावळ
२७ नोव्हेंबर १९९१

तीर्थरूप काकांस,

नमस्कार. काकीला वाकून, तुम्हाला जरा जास्त वाकून, कारण पुढचं वाचून तुम्ही चिडणार आहात.

काका, मी पार्सल ऑफिसात आहे. केळीचे घड, कुणाची सायकल, कुणाचं शिवणयंत्र, यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवतो. पार्सलनं जाणारं कुत्रंसुद्धा माझं ऐकत नाही. साहेबाला भिंत पाडायला सांगायची माझी हिंमत नाही आणि त्याला तसा अधिकारही नाही. तरी पण मी चौकशी करतो. लाइन कुणाच्या नावावर आहे ते आधी कळायला हवं.

तोवर एक साधा उपाय. सोबत गाडी लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या पाठवल्या आहेत. निघण्याआधी एक घ्यायची, संपलं. इथले लोक त्या खाऊन थेट कलकत्त्याला जातात, काकीला तर फक्त खाणीखालच्या पाड्यावर जायचंय. नाहीतर पनवेलहून रिक्षा करा. आता खेड्यांत सगळीकडे रिक्षा जातात. पायीच कशाला जायला पाहिजे?

आईनं कळवलंय की रूपासाठी शिरढोणचं एक स्थळ आलं आहे. तुम्ही मुलाला बघून घ्या. बाबांच्या मागं माझ्या बहिणीचं सगळं तुम्हीच बघायचं आहे.

आपला,
शैलेश


कातळपाडा
१६ डिसेंबर १९९१

चि. शैलेश,

गोळ्या मिळाल्या. एक मी खाऊन बघितली, तर दुपारभर ओटीवर झोपलो आणि कोंबड्यांनी वाळत घातलेलं भात खाल्लं. बाकीच्या फडताळात ठेवल्यात.

तू आमचा उपाय विचारलास की तुझा सांगितलास? मी भिंत काढ म्हटलं, तू गोळी काढलीस. शिकलेल्या माणसाला अडचण सांगितली की तो ती आपल्याच अंगात आहे असं सिद्ध करतो. काकी आजारी नाही. लाइन बंद आहे.

काल भिंतीवर जाऊन आलो. शेठनं राखणीला कुणाला ठेवलंय माहीत आहे? महादेवला. भिंतीपलीकडची भातशेती त्याच्याच बापाची होती, ती विकली, आणि आता त्याच जमिनीवर शेठची काठी घेऊन उभा आहे. मी म्हटलं, मागचं फाटक लग्नाच्या दिवसांपुरतं उघडत जा. तो म्हणतो, शेठनं कुणालाच सोडू नको म्हणून बजावलंय, माझी नोकरी जाईल. त्याचं स्वतःचं लग्न तुझ्या काकीनं गायलं आहे. त्याची बायको सोनाबाई दारात उभी राहून ऐकत होती. मग मी दोघांना तोंडाला येईल ते बोललो.

खाणीखालच्या पाड्यावर एक लग्न झालं. काकी एस.टी.नं गेली. गाडी लागली, घसा बसला, त्यामुळं नीट झालं नाही. आता तिकडून बोलावणी येत नाहीत. लोक बेंजो पार्टी आणतात आणि हळदीला टेप लावतात.

मुलगा बघितला. शिरढोणचा आहे, कंपनीत लागलाय, मान खाली घालून बोलतो. चांगला वाटला.

तुझ्या चौकशीचं काय झालं ते कळव. गोळ्या पाठवू नकोस.

काशिराम


भुसावळ
२० जानेवारी १९९२

तीर्थरूप काकांस नमस्कार.

चौकशीचं सांगतो, म्हणजे माझी काय गत झाली ते तुम्हाला कळेल. इथल्या साहेबांनी मुंबईला विचारायला सांगितलं. रजा काढून मुंबईला गेलो. तिथं एका भल्या माणसानं जुने नकाशे काढून दाखवले. आपली लाइन त्यांत नाहीच. ती रेल्वेनं घातलेली नव्हती, खाणीच्या कंपनीनं स्वतःच्या कामासाठी घातली होती. कंपनी केव्हाच बुडाली, मालक वारले, वारस परदेशात. मग पनवेलला जमिनीच्या एका कचेरीत गेलो. तिथला कारकून म्हणाला, वाट नकाशावर नसेल तर ती अडवली असं म्हणताच येत नाही. मी म्हटलं, अहो, माणसं रोज चालत होती. तो म्हणाला, चालली असतील, तसा अर्ज द्या. तो दिला आहे. काका, मी दोन्ही हातांनी डोकं धरून पनवेलच्या स्टँडवर बसलो होतो. घरी आलो नाही, कारण तुम्ही विचारलं असतंत, भिंत पडली का.

आता दुसरं. रूपाचं लग्न वैशाखात ठरलं म्हणून आईनं गव्हाणच्या मास्तरांकडून पत्र लिहवून घेतलं. त्यात तिनं विचारलंय की हळदीला काकीला सांगायचं की टेपच लावायचा. मी चाट पडलो. रूपाच्या हळदीला काकी नाही तर कोण गाणार? मग आईनं लिहिलेलं पुढचं वाचलं. खाणीखालच्या पाड्यावर काकीचा घसा बसला नव्हता म्हणते. ती मधेच थांबली आणि पुढं गायलीच नाही.

मी तुमच्यासाठी कचेऱ्या पालथ्या घालतोय आणि तुम्ही मला घसा सांगता. काय झालं ते खरं लिहा. काकीनं रूपाला नाही म्हटलंय का?

शैलेश


कातळपाडा
३ फेब्रुवारी १९९२

चि. शैलेश,

हो, नाही म्हटलंय. आणि खरं तेच लिहितो, बस वाचत.

तुझ्या काकीला अक्षर येत नाही. माझ्या आईनं तिला धवले शिकवले ते घरात बसून नाही, लाइनीवर. आई पुढं गात चालायची, ही मागून तेच म्हणत जायची. घरून निघाल्यापासून सुईणीच्या मोरीपर्यंत देवांना बोलावणं. तिथून खेकड्याच्या मोरीपर्यंत मांडव. खेकड्याच्या मोरीपासून दुहेरी मोरीपर्यंत हळद. दुहेरीच्या पुढं दोन्ही बाजूंना शेतं लागतात, तिथं नवरीची आंघोळ, ती मोठ्या जांभळीपर्यंत. आणि जांभळीपासून खाणीपर्यंत पाठवण. आई गेल्यावरही काकीनं हा रिवाज मोडला नाही. लग्न कुठल्याही पाड्यावर असो, त्या सकाळी ती आधी लाइन चालून यायची. लग्न आपल्याच गावात असलं तरी. तुम्ही पोरं हसायचात, लग्न मांडवात आणि काकी निघाली खाणीला. मीसुद्धा हसायचो. मला वाटायचं, हवा खाते.

त्या दिवशी ती लाइन न चालता एस.टी.त बसली. गाडी लागली हे खरं, पण ते उतरल्यावर बरं झालं. देवांना बोलावलं, मांडव गायला, हळद गायली, तेवढी वाट अजून उघडी आहे. आणि नवरीला आंघोळीला बसवल्यावर काकी नुसती उभीच राहिली. मी दाराशी बाप्यांत बसलो होतो. तिनं माझ्याकडं बघितलं. मला तिचा पुढचा शब्द सांगता आला असता तर मी ओरडून सांगितला असता, पण मला कुठं येतंय? इतकी वर्षं माझ्या घरात गाणं होतं आणि मी एकदाही कान दिला नाही. मग कुणीतरी टेप लावला. कुणी हसलं नाही. हसले असते तर मी भांडलो तरी असतो.

घरी आल्यावर मी म्हटलं, एवढी वर्षं गातेस, पाठ कसं नाही? ती म्हणाली, "पाठ कधीच नव्हता माजा. माज्या पायांत हाय त्यो."

तेव्हा आता कळलं का तुला, मला भिंत का काढायची होती? रिक्षात बसून पायांना काय आठवणार?

रूपाचं विचारायला तुझी आई रंभा वहिनी आली होती. काकी म्हणाली, पोरीच्या हळदीत मी मधेच थांबले तर शिरढोणचे लोक अपशकुन म्हणतील, ते तिच्या जन्माला चिकटेल. टेप लावा. असं म्हणून चुलीपुढं जाऊन बसली. रूपा रडली. मी कुणाला काय सांगणार, बाहेर येऊन गाईला उगाच ओरडलो.

तुझ्या अर्जाचं काय ते बघ.

काशिराम


भुसावळ
९ मार्च १९९२

तीर्थरूप काकांस,

अर्जाला उत्तर आलं. प्रकरण विचाराधीन आहे, एवढंच. कोण विचार करतंय आणि कधीपर्यंत, ते त्यात नाही. मी दुसरा अर्ज टाकला आहे. आता आमच्या ऑफिसात मला लाइनवाला म्हणतात.

गोळ्यांचं मनाला लागून राहिलं आहे. तुमचं पत्र वाचून मी ती मोऱ्यांची नावं पार्सलच्या कागदावर ओळीनं लिहिली आणि त्यावरून डोळ्यांनी चालत गेलो. मला एकही धवला आठवला नाही. लहानपणी काकीच्या मागं मीही चाललो आहे, पण माझं लक्ष खेकड्यांत.

एक सुचतं, रागावू नका. भिंत दुहेरी मोरीच्या पुढं आहे ना? मग अलीकडची लाइन तर आपलीच आहे. काकीला म्हणावं, भिंतीपर्यंत तरी चाल. हळदीपर्यंतचं पक्कं राहील. पुढचं पुढं बघू. आणि महादेवच्या पाया पडावं लागलं तर माझ्या नावानं पडा. रूपाच्या लग्नाच्या आधी फक्त एक सकाळ त्यानं फाटक उघडावं, एवढंच मागा.

टेपवर रूपाची हळद व्हावी असं मला वाटत नाही. मी तिचा एकुलता एक भाऊ आहे, एवढं तरी मागतो.

शैलेश


कातळपाडा
१२ एप्रिल १९९२

चि. शैलेश,

तुझं पत्र काकीला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी उठून बघतो तर चूल पेटवलेली आणि ही घरात नाही. भिंतीपर्यंत जाऊन आली. तेव्हापासून रोज जाते. भिंतीशी पोचली की थोडा वेळ तिथंच उभी राहते आणि परत फिरते. मी एकदा मागून गेलो होतो. मागून गेलो ते तिला सांगू नकोस.

तिनं वहिनीला निरोप पाठवला की भिंतीपर्यंतचं गाईन, पुढं टेप लावा, आणि हे शिरढोणच्या लोकांना आधीच सांगून ठेवा.

महादेवकडं गेलो. पाया पडलो नाही, पण हात जोडले. तो खाली बघत राहिला आणि म्हणाला, शेठचा माणूस कधीही येतो, मला काढलं तर मी जाऊ कुठं, शेत तर गेलं. मी म्हटलं, तुझ्या शेतातनंच जायचंय रे. तो आत निघून गेला. मी भिंतीवर दगड मारला. काच फुटली, भिंतीला काही झालं नाही. वहिनीला सांगून टाकलं की हळदीला महादेवच्या घरचं माणूस बोलवायचं नाही.

तू हळदीला वेळेवर ये.

काशिराम


भुसावळ
४ मे १९९२

तीर्थरूप काकांस,

रजा मिळाली, पण लग्नाच्या दिवसापासून. हळदीला मी पोचत नाही. साहेबाशी भांडलो, त्यानं आंब्यांचा सीझन दाखवला. सगळ्या देशाचे आंबे माझ्या बहिणीच्या हळदीवर येऊन पडलेत. लग्नाच्या दिवशी सकाळी येतो.

काकीला सांगा, शैलेशनं नमस्कार सांगितलाय आणि तो तिथं नसला तरी तो भिंतीपर्यंत चालत आहे.

शैलेश


कातळपाडा
२४ मे १९९२

चि. शैलेश,

लग्नात तुला हळदीच्या दहा जणांनी दहा गोष्टी सांगितल्या असतील. तू लगेच गाडी पकडलीस, माझ्याशी धड बोलणं झालं नाही. तेव्हा आता माझ्याकडून ऐक.

हळद दिवेलागणीला सुरू झाली. काकीनं देवांना बोलावलं, एकही गावदेव सुटला नाही. मांडव गायला. हळद गायली, आणि काय गायली म्हणून सांगू, शिरढोणच्या म्हाताऱ्या उठून पुढं येऊन बसल्या. मग रूपाला पाटावर आंघोळीला बसवलं. काकी थांबली. मी दाराशीच होतो. पण या वेळी तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ती बायकांना म्हणाली, "इथनं पुडं भिंत हाय गो."

एवढंच. लाजली नाही, रडली नाही. कुणीतरी टेपकडं गेलं.

तेवढ्यात मागून, पाण्याच्या पिंपांजवळून, कुणीतरी गायला लागलं. आवाज म्हणजे फुटक्या घमेल्यासारखा. सगळ्यांनी माना वळवल्या. सोनाबाई. महादेवची. मी बोलावू नका म्हटलं होतं आणि वहिनीनं माझं न ऐकता बोलावलं होतं. मागाहून म्हणाली, हळदीला कुणाला वर्ज्य करतात का. ती सोनाबाई डोळे मिटून नवरीच्या आंघोळीचा धवला गात होती. चालणाऱ्या माणसाला मधे दम लागावा तसं ती मधे मधे थांबायची, कारण काकी तिथं चढावर थांबायची.

काकी तिच्याकडं बघत राहिली. दुसऱ्या कडव्याला तिनं सूर धरला. मग दोघींनी मिळून रूपाला न्हाऊ घातलं. वहिनीचे डोळे वाहत होते. माझेही, ते तू ऐकलं असशीलच.

गाणं जांभळीपर्यंत आलं आणि सोनाबाई गप्प झाली. काकीनं विचारलं, पुढं? ती म्हणाली, "भात झोडताना तुजा आवाज आमच्या शेतावरनं जायचा काकी, तवा आयकून आयकून ध्यानात रायला. जांबळीच्या पुडं तू लांब जायचीस, मंग ऐकू नाय यायचा."

मी इतके महिने जिला शिव्या दिल्या, तिच्याच कानात काकीचा धवला होता. मी जेवायच्या वेळी तिच्या पानावर स्वतः वाढलं.  भातही जास्तीचा वाढला.

पाठवणीचं तू बघितलंसच. धवला नव्हता, बेंजो वाजला. रूपा गाडीत बसताना काकी आत मांडवाच्या खांबाला धरून उभी होती, ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हते. ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पोरगी तिच्या धवल्याशिवाय गेली.

तेव्हा तू अर्ज मागं घेऊ नकोस. दोन टाकलेस, तिसरा टाक. ती भिंत मला पडलेली बघायची आहे. महादेववर माझा राग कमी झाला, शेठवरचा झालेला नाही.

तोवर मी स्वस्थ बसत नाही. जांभळीपासून खाणीपर्यंत लाइनीच्या कडेला कुणाची शेतं होती ते आठवून बघितलं. बळीराम घरतची होती. जमीन विकून तो पनवेलजवळ खांदा कॉलनीत राहायला गेला असं म्हणतात. त्याची बायको गोदा भात झोडायला पहिली उतरायची. तिला काही ऐकू गेलं असेल तर बघावं.

उद्या सकाळी काकीला घेऊन एस.टी.नं पनवेलला जातो. फडताळात तुझ्या गोळ्या आहेत. त्यातली एक तिला देतो.

तुझा काका,
काशिराम